शपथ मोडली तरी विहाराचे दार उघडे हवे : नांदेड-लातूरमधील व्यसनमुक्तीचा प्रश्न

वर्षावासातल्या कुठल्याही संध्याकाळी नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या बौद्ध वस्तीत जाऊन बसा. विहारात ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू असते. समोर पांढऱ्या साड्या नेसलेल्या आया-बहिणी, काही शाळकरी मुले, दोन-चार वयस्कर उपासक. त्रिसरण-पंचशील सुरू होते आणि पाचव्या शीलाला बायांचा आवाज जरा चढतो, असे आम्हाला नेहमी वाटते. ज्याच्यासाठी ते शील इतक्या जोरात म्हटले जाते, तो बहुतेक वेळा आत नसतो. तो बाहेर पारावर असतो, गुत्त्यावर असतो, नाहीतर घरी पडलेला असतो. त्याला आत आणा म्हटले की उत्तर तयार असते, “पिऊन विहारात कसा आणू, दादा? लोक काय म्हणतील?”

या एका वाक्यात आपल्या समाजातल्या व्यसनमुक्तीचा सगळा पेच आहे, असे आमचे मत आहे. पण आधी आजची परिस्थिती पाहू.

१० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवले. विदेशी मद्यावरचे शुल्क निर्मितीमूल्याच्या तीन पटींवरून साडेचार पट झाले, देशीवरचे प्रूफ लिटरमागे १८० रुपयांवरून २०५ रुपये झाले आणि धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाच्या नव्या प्रकाराला मान्यता मिळाली. यातून तिजोरीत वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा येतील, असा शासनाचा अंदाज होता. दारू महागली म्हणून माणूस दारू सोडतो, असे वस्तीत राहणारा कोणी म्हणणार नाही. महागाई वाढली की पिणारा हातभट्टीकडे वळतो किंवा घरातले भांडे विकतो. गंमत अशी की दारूवर कमावणारे खाते वेगळे आणि व्यसनमुक्तीचे काम सामाजिक न्याय विभागाकडे. म्हणजे एका खात्याच्या उत्पन्नाची जखम दुसऱ्या खात्याने बांधायची. आणि ते दुसरे खाते आपलेच म्हणून ओळखले जाते!

दारूपुरता विषय राहिलेला नाही, हेही तरुणांनी लक्षात घ्यावे. एप्रिल २०२५ मध्ये चाकूर तालुक्यातल्या रोहिणा शिवारात महसूल गुप्तचर संचालनालयाने मेफेड्रॉन, म्हणजे पोरांच्या भाषेत एमडी, बनवण्याचा कारखाना पकडला. ११ किलोंहून जास्त माल सापडला. एमडी ही मुंबई-पुण्याची गोष्ट आहे, या भ्रमातून लातूर जिल्ह्याने तेव्हाच बाहेर यायला हवे होते. झोपेच्या गोळ्या ‘बटन’ म्हणून विकल्या जातात, त्या वेगळ्याच.

उपचाराचे काय? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने केलेले आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले देशव्यापी सर्वेक्षण आहे. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात. त्यातला आम्हाला सर्वात बोचलेला आकडा असा की, दारूचे अवलंबित्व जडलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले. दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० मागे एकाला. उरलेले कुठे जातात? देवऋषीकडे, बाबाकडे, माळ घालायला, मन्नत मागायला, प्रार्थनासभेला. आपल्यातले विहारात यायला हवेत. तर तेही येत नाहीत.

शपथ आणि सिक्खापद

आपल्याकडे दारू सोडवायची एक ठरलेली रीत आहे. बायको, आई, मेव्हणे, वस्तीतले दोन जाणते लोक बसतात. त्या माणसाला बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभे करतात. शपथ घ्यायला लावतात. कधी लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. तो रडतो, खरेच रडतो, आणि शपथ घेतो. आठ दिवस घर शांत असते. नवव्या दिवशी मजुरी मिळते, सोबती भेटतो आणि शपथ मोडते. मग पुढचे सगळे बिनसते. बाबासाहेबांची शपथ मोडली म्हणजे आता आपण कामातूनच गेलो, असे त्याला वाटते. एक नाइंटी घेतली होती, तिथे तो पाच दिवस शुद्धीवर येत नाही.

हे आम्ही वस्त्यांमध्ये पाहत आलो, पण त्याला शास्त्रात नाव आहे हे उशिरा कळले. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट यांनी व्यसन पुन्हा कसे उलटते याचा अभ्यास केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पूर्ण सोडण्याचा निश्चय केलेला माणूस एकदा घसरतो तेव्हा त्याला खरा खड्ड्यात ढकलतो तो पहिला घोट नव्हे. त्या घोटानंतर येणारी शरम आणि ‘आता सगळे संपले’ हा विचार त्याला ढकलतो. म्हणजे आपण शपथेला जितकी मोठी करतो, तितकी ती मोडल्यावरची पडझड मोठी होते. श्रद्धा इथे औषध न होता ओझे होते.

आता पंचशील काय सांगते ते पाहा. प्रत्येक शीलाच्या शेवटी ‘सिक्खापदं’ हा शब्द येतो. आपण तो रोज म्हणतो आणि त्यावर क्वचितच थांबतो. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा नियम, सरावाची पायरी. देवाला दिलेले वचन नाही, मोडले तर कोपणारा कोणी वर बसलेला नाही. म्हणून तर पंचशील एकदा घेऊन संपत नाही. ते रोज घेतात, पौर्णिमेला घेतात, लग्नात घेतात, जलदानाच्या कार्यक्रमात घेतात. पुन्हा पुन्हा घेण्याची सोय शीलातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत सतरावी दारू न पिण्याची आहे. ती प्रतिज्ञा आहे आणि ती पाळायचीच आहे, याबद्दल दुमत नाही. पण प्रतिज्ञेकडे पोहोचण्याचा रस्ता सिक्खापदाचा आहे, रोजच्या सरावाचा.

विनयपिटकात सागत नावाच्या भिक्खूची गोष्ट येते. तरुणांनी ती जरूर समजून घ्यावी. हा सागत साधा माणूस नव्हता. त्याने एका भयंकर नागाला वश केल्याची ख्याती सर्वत्र झाली होती. पुढे कोसंबीत उपासकांनी घरोघरी त्याला मद्य देऊ केले. तो प्याला आणि नगराच्या वेशीपाशी कोसळला. भगवंतांनी त्याला तिथे टाकून दिले नाही. भिक्खूंकरवी उचलून विहारात आणवले. शुद्ध नसल्याने तो त्यांच्याकडेच पाय करून झोपला. तेव्हा त्यांनी भिक्खूंना विचारले की, नागाला जिंकणारा हा आज पाण्यातल्या साध्या सापाला तरी तोंड देऊ शकेल का? आणि मग मद्यपान निषिद्ध करणारा नियम घातला. नीट पाहिले तर या नियमाचा दर्जा ‘पाचित्तिय’ आहे, म्हणजे दुसऱ्या भिक्खूसमोर मान्य करून शुद्ध होता येण्याजोगा दोष. संघातून कायमचे बाहेर काढणारा ‘पाराजिक’ दोष तो नाही.

प्यायलेल्याला उचलून विहारात आणले, हे अडीच हजार वर्षांपूर्वी. आज आपण काय करतो? विहार समितीचा अध्यक्ष त्याला गेटवरून हाकलतो. आणि तोच अध्यक्ष काही ठिकाणी जयंतीच्या रात्री मिरवणूक संपल्यावर पोरांची ‘सोय’ कशी झाली याकडे कानाडोळा करतो. निवडणुकीच्या आदल्या रात्री बौद्ध वस्तीत पेट्या कोण उतरवतो, हे वस्तीतल्या लहान पोरालाही माहीत असते. याच नांदेड जिल्ह्यातले पोचीराम कांबळे नामांतराच्या लढ्यात गेले, याच नांदेडात गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये आत्मदहन केले. त्या शहिदांना अभिवादन करून आल्यावर क्वार्टर फोडणाऱ्यांना काय बोलावे, हे आम्हाला अजून सुचलेले नाही.

देव न मानणाऱ्याने काय करावे?

व्यसनमुक्तीत जगभर गाजलेला श्रद्धेचा मार्ग म्हणजे १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही संघटना. तिच्या बारा पायऱ्यांत माणूस आधी कबूल करतो की दारूपुढे मी हतबल आहे, आणि मग आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीच्या हवाली होतो. महाराष्ट्रातही अशा सभा चालतात आणि त्यांनी असंख्य घरे वाचवली आहेत. पण आंबेडकरी तरुण तिथे अडखळतो. ‘ईश्वराच्या हवाली हो’ म्हटले की त्याला बावीस प्रतिज्ञा आठवतात. काही जण तेवढ्यावरून उठून येतात.

आम्हाला वाटते, उठून येऊ नये. त्या सभांत पुष्कळ लोक ‘मोठी शक्ती’ म्हणजे समोर बसलेला गटच मानतात. बौद्धाला हे जड जाण्याचे कारण नाही. आपल्या त्रिसरणातले तिसरे सरण संघ हेच आहे. आणि ‘श्रद्धा’ या शब्दाला घाबरण्याचेही कारण नाही. धम्मात सद्धा हे पाच बलांपैकी पहिले बल आहे, तिच्या पाठोपाठ विरिय, सति, समाधि आणि पञ्ञा येतात. म्हणजे श्रद्धा सुरुवात करून देते, आंधळेपणाने शेवटपर्यंत ओढत नेत नाही. जो माणूस बदलू शकतो, तो मीही आहे, एवढाच विश्वास तिथे लागतो.

बौद्ध मार्गाने व्यसनमुक्तीचे प्रयोग बाहेर झाले आहेत. सिएटलजवळच्या एका तुरुंगात कैद्यांना दहा दिवसांचे विपश्यना शिबिर दिले गेले. मार्लॅट यांच्या गटाने त्याचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. सुटकेनंतर तीन महिन्यांनी शिबिर केलेल्यांचे दारू आणि इतर नशेचे प्रमाण नेहमीचा कार्यक्रम घेतलेल्यांपेक्षा कमी होते. यात एक मेख आहे. शिबिराला बसणारे स्वतःहून आलेले होते, चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, त्यामुळे सगळे श्रेय ध्यानाला देता येत नाही. तरी पुढे याच विचारातून सजगतेवर आधारलेली उपचारपद्धती विकसित झाली. इंग्लंडमध्ये परमबंधु ग्रोव्ज या मनोविकारतज्ज्ञांनी व्हॅलेरी मेसन-जॉन यांच्यासोबत ‘एट स्टेप रिकव्हरी’ हे पुस्तक लिहिले. दोघेही त्रिरत्न बौद्ध महासंघाशी संबंधित, म्हणजे मराठवाड्यातल्या आपल्या कितीतरी धम्ममित्रांच्या परिवारातले. लंडनच्या बौद्धांना दारूवर धम्माचा उपाय लिहून काढावासा वाटला. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या विहारांत त्याची चर्चा आम्ही तरी ऐकलेली नाही.

तलफ येते, लाटेसारखी चढते आणि तिच्यामागे न धावता पाहत राहिले तर उतरते. आनापानाला बसलेल्या कुणालाही हे नवे नाही. नवे एवढेच की हे पारावर बसलेल्या त्या माणसाला कोणीतरी शिकवायचे आहे.

जिथे श्रद्धा थांबते आणि डॉक्टर लागतो

इथे आम्हाला स्पष्ट बोलले पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू तोडली तर जिवावर बेतू शकते. हात थरथरणे, घाम, झोप उडणे इथून सुरू होऊन दोन-तीन दिवसांत फिट येणे, भास होणे, भ्रमिष्ट होणे इथपर्यंत जाते. आपल्या सीमेपलीकडचेच उदाहरण घ्या. २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली. त्या ताडीत क्लोरल हायड्रेट आणि झोपेच्या औषधांची भेसळ असायची. ती एकदम बंद होताच निझामाबाद परिसरातल्या दवाखान्यांत भ्रमिष्ट झालेल्या, झटके येणाऱ्या लोकांची रीघ लागली. धर्माबाद, बिलोली, देगलूरच्या लोकांना हे परके वाटू नये, निझामाबाद तिथून किती दूर आहे!

म्हणून कुणी उत्साही कार्यकर्ता एखाद्या अट्टल पिणाऱ्याला थेट दहा दिवसांच्या शिबिराला किंवा श्रामणेर शिबिराला पाठवत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. नांदेडला विष्णुपुरीचे आणि लातूरचे अशी दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे मनोविकार विभाग आहेत. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, मानसिक आरोग्यासाठी १४४१६. शरीर सावरल्यानंतरचे काम विहाराचे. पुण्यातले मुक्तांगण १९८६ पासून हे सांगत आले आहे की दाखल असतानाचे दिवस सोपे असतात, घरी परतल्यानंतरचे वर्ष अवघड. ते वर्ष तो माणूस आपल्या वस्तीत काढतो.

आणि पावडरवाल्यांपासून सावध राहा. ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशी जाहिरात करणारे जेवणात घालायला पुड्या देतात. त्यात अनेकदा डायसल्फिराम असते. त्याच्यावर दारू पडली तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणे असे प्रकार होतात आणि हृदय कमजोर असलेला माणूस दगावूही शकतो. हे औषध डॉक्टर देतात ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने. व्यसनमुक्तीच्या नावाखाली साखळीने बांधणे किंवा मारहाण करणे हेही चालवून घेऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित आजार येतात, आणि रुग्णाला साखळदंड घालायला त्या कायद्याने मनाई आहे.

ऊस, उचल आणि आश्विन पौर्णिमा

आमच्या निरीक्षणातली एक गोष्ट आम्ही मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण ती मराठवाड्याचीच आहे. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हे वर्षावासाचे तीन महिने. या काळात आपल्यातले बरेच पुरुष दारू सोडतात किंवा कमी करतात. रोज संध्याकाळी वाचन असते, खीरदान असते, घरात शिस्त असते, चार लोकांची नजर असते. कुठल्याही व्यसनमुक्ती केंद्राला हेवा वाटावा अशी ही रचना आहे, आणि ती फुकट आहे. नव्वद दिवस न पिता राहणे ही छोटी गोष्ट नाही.

पण वर्षावास संपतो आणि थोड्याच दिवसांत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल हातात पडते. एकरकमी पैसा, गाव सुटलेले, विहार सुटलेला, थंडी, पहाटेपासून कोयता, अंग मोडून दुखते आणि फडाशेजारी बाटली मिळते. ‘वर्षावासात सोडली होती, कारखान्यावर गेल्यावर पुन्हा लागली’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याला योगायोग म्हणणे अवघड आहे. त्या माणसाची श्रद्धा नोव्हेंबरमध्ये अचानक कमी झालेली नसते. श्रद्धेला धरून ठेवणारी माणसे त्याच्यापासून दोनशे-तीनशे किलोमीटर लांब राहिलेली असतात. अध्यात्म म्हणजे एकट्याच्या मनातली शक्ती, ही समजूत इथे खोटी ठरते.

बायांनी काय करायचे, तर ‘उभी बाटली, आडवी बाटली’ची तरतूद आहे. पण एकूण नोंदणीकृत महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला पडली तरच परवान्याचे दुकान बंद होते. निम्म्या बाया ऊसतोडीला गेलेल्या गावात हे गणित कसे जमायचे? आणि जमले तरी हातभट्टीला परवाना कुठे असतो! आम्ही या मतदानाच्या बाजूने आहोत. मात्र दुकान बंद झाले की दारू सुटली, असे चंद्रपूरला २०१५ ते २०२१ या बंदीच्या काळातही झाले नाही. पुरवठा आणि माणूस, दोन्हीकडे काम करावे लागते.

४ सप्टेंबर २०२४ रोजी उदगीरच्या विश्वशांती बुद्ध विहाराचे लोकार्पण राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. दाभडच्या महाविहार बावरीनगरला दरवर्षी धम्म परिषदेसाठी लाखांची गर्दी लोटते. आपल्याकडे वास्तू आहेत, भिक्खू संघ आहे, माणसे जमवण्याची ताकद आहे. या वास्तूंत आठवड्यातला एक तास पिणाऱ्यांसाठी आणि एक तास त्यांच्या घरच्यांसाठी राखून ठेवायला किती खर्च येतो? सतरंजी, चहा आणि ऐकून घेणारा एक माणूस. शक्यतो स्वतः दारू सोडलेला. भाषण नको, फोटो नको, व्हॉट्सॲपवर नाव तर अजिबात नको. घसरलेला पुढच्या आठवड्यात परत आला तर त्याला ‘किती दिवस झाले?’ एवढेच विचारायचे आणि पुन्हा पंचशील द्यायचे. दोन-तीन तरुण मिळून एका विहारात हे सुरू करू शकतात, समितीच्या ठरावाची वाट पाहायची गरज नाही.

घरच्यांचा तास आम्हाला तितकाच महत्त्वाचा वाटतो. नवरा प्यायला की दोष बाईचा, ही भाषा आपल्या वस्तीतूनही गेलेली नाही. विहारात रोज येणारी, ग्रंथ वाचणारी, उपोसथ धरणारी बाई घरी मार खाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचवे शील जोरात म्हणते. ती त्याच्यासाठी म्हणते की स्वतःला धीर देण्यासाठी, हे तिला कधी कोणी विचारलेले नसते.

यंदाचा वर्षावास संपायच्या आत एक वही करावी, असे आम्ही काही गावांतल्या मित्रांना सुचवले आहे. तीन महिने न प्यालेल्यांची नावे त्यांच्या संमतीने, फोन नंबर, ते कोणत्या कारखान्याला जाणार, त्या कारखान्याजवळ कोणते विहार आहे, आणि दर रविवारी रात्री त्यांना फोन कोण करणार. मुखेडकडच्या एका गावात यावर पहिला आक्षेप आला तो असा की फडात रेंज नसते. मग मुकादमाच्या फोनवर करू, असे ठरले. टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतील.